सेंटरमधून घरी आल्यावर: जुगार सोडलेल्या माणसासाठी पहिल्या वर्षाची वाट

डिस्चार्जच्या दिवशी व्यसनमुक्ती सेंटरच्या काउंटरवर माझ्या तीन वस्तू परत मिळाल्या. पट्टा, घड्याळ आणि फोन. घरी आलो, बायको चहा टाकायला आत गेली आणि मी सवयीने फोन चार्जिंगला लावला. तो सुरू झाला आणि पुढची पाच मिनिटं टेबलावर नुसता थरथरत राहिला. थकलेले हप्ते, वसुलीवाल्यांचे मिस्ड कॉल, आणि मध्येच आयडीवाल्याचा, म्हणजे सट्ट्याच्या साइटवर खातं उघडून देणाऱ्याचा, प्रेमळ निरोप: 'भाऊ, बरेच दिवस दिसला नाहीत. बोनस टाकलाय.' चहा येईपर्यंत माझ्या हाताला घाम सुटला होता.

सेंटरमध्ये 'रिकव्हरी' म्हणजे बरं होणं. पंटर, म्हणजे सट्टा लावणाऱ्या, लोकांत 'रिकव्हरी' म्हणजे हरलेले पैसे खेळून परत काढणं. बँकेच्या भाषेत रिकव्हरी म्हणजे दारात उभा असलेला माणूस. घरी आल्यावर या तिन्ही एकदम भेटतात, आणि तिसरीच्या धाकाने आपण दुसरीकडे पळतो. माझं तसंच झालं. म्हणून या लेखात मनाच्या गोष्टी कमी आणि पैशाच्या जास्त आहेत. गेलेले पैसे गेले. उरलंय ते कर्ज, आणि ते पगारातून, हळूहळू, कंटाळा येईल अशाच पद्धतीने फिटतं.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. रमीच्या ॲपपासून सुरुवात, मग क्रिकेटचा सट्टा, अशी चार वर्षं गेली. उपचारानंतर एकदा घसरलो, तेही सांगणार आहे.

आधी एक पिशवी तयार करा. तिच्यात हे हवं: डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची चिठ्ठी, आधार व पॅनच्या प्रती, सगळ्या बँक खात्यांची मागच्या एक वर्षाची स्टेटमेंट, कर्जाचे करार किंवा निदान मेसेजचे स्क्रीनशॉट, सोनं गहाण असेल तर त्याच्या पावत्या, पगाराच्या तीन स्लिपा आणि शंभर पानी वही. पिशवी घरच्या माणसाकडे राहील, तुमच्याकडे नाही.

१. पहिला दिवस: फोन

फोन एकट्याने चालू करू नका. शेजारी कुणीतरी बसू दे आणि त्याच्यासमोर साफसफाई करा. पण पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा. मी उत्साहाच्या भरात सगळे मेसेज एका झटक्यात उडवले, आणि मग कुठल्या ॲपचं किती कर्ज आहे ते शोधायला बँक स्टेटमेंटच्या ओळी तपासत दोन रविवार घालवले.

ॲप नुसतं काढून टाकलं तर आतलं खातं जिवंत राहतं. आधी व्यवहारांचा तपशील उतरवून घ्या, मग खातं बंद करा, मग ॲप काढा. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरचे 'टिप'वाले ग्रुप सोडा, आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. बेटब्लॉकर नावाचं मोफत ॲप जुगाराच्या साइट अडवतं. ते बसवताना त्याचा पासवर्ड घरच्याने ठेवावा. गूगलच्या जाहिरात सेटिंगमध्ये जुगाराच्या जाहिराती कमी दाखवण्याची सोय आहे, ती चालू करा. नकोशा व्यापारी कॉल-मेसेजसाठी १९०९ वर नोंदणी होते.

नवा नंबर घ्यावासा वाटेल. घ्या, पण जुना बंद करू नका. बँक, आधार, पीएफ, सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं, शिवाय कर्ज देणाऱ्यांना वाटतं माणूस पळाला. आम्ही जुनं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला. ओटीपी तिथे येतो, बायकोला दिसतो. आमच्या घरातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा उपाय हाच.

आता एका गैरसमजाबद्दल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आली, मोठमोठ्या ॲपनी पैशाचे खेळ बंद केले. माझा मेहुणा म्हणाला, 'चला, सरकारनेच तुझा प्रश्न सोडवला.' परदेशातून चालणाऱ्या साइट, टेलिग्रामवरची आयडी, चहाच्या टपरीवर मटक्याचा आकडा घेणारा हे कुठे जात नाहीत. बंदीच्या भरवशावर यातली एकही पायरी गाळू नका.

२. पैशाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात

ही पायरी अपमानाची वाटते. मलाही वाटली. बेचाळिसाव्या वर्षी बायकोकडे शंभर रुपये मागायचे म्हणजे काय! पण दारू सोडलेला माणूस बाटलीशिवाय राहू शकतो, आपल्याला पैशाशिवाय राहता येत नाही. रोज हाताळावाच लागतो. मग निदान तो थोडा असावा.

किल्ल्या कुणाकडे द्यायच्या? जो प्रेमळ आहे त्याच्याकडे नको, जो हिशेबी आहे त्याच्याकडे. माझ्या आईने 'अरे, पोराला मन मारायला लावू नका' म्हणत दुसऱ्याच आठवड्यात पाचशेची नोट खिशात सारली होती. घरात असं कुणी नसेल तर मोठी बहीण, भाऊ, मेहुणा. किती महिने आणि कोणत्या अटींवर, हे कागदावर लिहून दोघांनी सही करा. मुदत ठरली की ती शिक्षा वाटत नाही. आम्ही बारा महिने लिहिले.

मग एकेक दार लावत जा. पगार जमा होताच बहुतेक रक्कम दुसऱ्या खात्यात जाईल अशी स्थायी सूचना बँकेला द्या. डेबिट कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात, रोजची मर्यादाही कमी करता येते. क्रेडिट कार्ड गोठवून चालत नाही, बंदच करा. बाकी चुकती असेल तर अर्ज दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. यूपीआयशिवाय हल्ली वडापावही मिळत नाही म्हणून आम्ही 'यूपीआय सर्कल' वापरतो. खातं बायकोचं, पैसे देतो मी. एक तर प्रत्येक व्यवहाराला तिची मंजुरी लागते, किंवा तिने ठरवलेल्या मर्यादेत मला मोकळीक, तीही महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये.

लक्षात न येणारी दारं वेगळीच असतात. पीएफची आगाऊ रक्कम, विम्याच्या पॉलिसीवरचं कर्ज, पतसंस्था, ऑफिसातला पगाराचा ॲडव्हान्स, 'आत्ता घ्या, नंतर भरा'वाली ॲप. आणि भिशी. भिशीत वाईट काही नाही, पण लिलावाची भिशी आपल्यासाठी नाही; बोली लावताना माझ्या छातीत जे धडधडलं ते मी ओळखलं आणि दुसऱ्या महिन्यात बाहेर पडलो.

सगळ्यात मोठं भोक माझ्या घरात नव्हतंच. ते कँटीनमध्ये होतं: मित्राचा फोन. त्याबद्दल शेवटी.

३. कर्जाची वही

पहिल्या आठवड्यात वही उघडा. कुणाकडून, किती घेतले, किती बाकी, व्याज, हप्त्याची तारीख, गहाण काय, जामीन कोण. आठवणीवर जाऊ नका. आपली आठवण सोयीची असते. मी बायकोला सहा लाख सांगितले होते, वहीत ११ लाख ४० हजार भरले. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत मिळतो. तो काढा. विसरलेली, खरं म्हणजे विसरायची ठरवलेली कर्जं तिथे सापडतात. उसनवारी मात्र कुठल्या रिपोर्टात नसते. आत्याचे वीस हजार, सुपरवायझरचे आठ, किराणावाल्याची उधारी हे स्वतःलाच लिहावं लागतं.

फेडायचा क्रम असा ठेवा. आधी घरभाडं, वीज, रेशन, मुलांची फी. मग ज्याच्यामागे घर किंवा सोनं अडकलंय ते, कारण तिथे लिलाव होऊ शकतो. मग जबर व्याजाचं: क्रेडिट कार्ड आणि ॲपची कर्जं. नातेवाईक शेवटी, पण त्यांना आजच सांगा की शेवटी आहेत, आणि दरमहा पाचशे तरी द्या. आत्याला पाचशेची किंमत नव्हती, पण दर पाच तारखेला येणाऱ्या फोनची होती.

बँकेत स्वतः जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवायचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. वैद्यकीय कारणाने उत्पन्नात खंड पडला एवढं पुरतं. कुणी 'सेटलमेंट' सुचवलं तर थांबा. अर्ध्या रकमेत मिटवलेलं कर्ज रिपोर्टात 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' असं दिसतं, आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ते आडवं येतं. नाइलाज असेल तरच करा. कर्ज कसंही मिटो, 'नो ड्यूज' पत्र हातात पडल्याशिवाय ते मिटलं असं धरू नका.

वसुलीवाल्यांना घाबरून नवीन कर्ज काढलं जातं, म्हणून त्यांचे नियम माहीत असू द्या. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांत बदनामी, नातेवाइकांना छळणं, यातलं काहीच चालत नाही. कर्जाच्या ॲपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो बघायचा अधिकार नाही. असं घडलं तर कॉलची नोंद ठेवा, आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, माहितीचा नंबर १४४४८. मॉर्फ केलेले फोटो पाठवणारं ॲप असेल तर वाट न बघता १९३०, सायबर पोलिस.

खाजगी सावकाराला महाराष्ट्रात परवाना लागतो, २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे. परवाना नसताना टक्क्याने पैसे फिरवणाऱ्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या ऑफिसात होते. कोरा चेक किंवा सही केलेला कोरा स्टँप पेपर दिला असेल तर ते लपवू नका, तक्रारीत पहिल्या ओळीत लिहा.

आणि बुकीची बाकी? करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. त्या पैशासाठी तो कोर्टात जाऊ शकत नाही. तो दारात येऊ शकतो, हे मात्र खरं. मी मेहुण्याला बरोबर घेऊन एकदाच भेटलो, 'खेळ बंद, आयडी बंद, यापुढे फोन नको' एवढं सांगितलं. 'निदान एक मॅच खेळून बाकी फेड' असं तो म्हणाला, तेव्हा मेहुण्याने माझा दंड धरला होता. धमकी आली असती तर पोलिसांत जायचं आमचं ठरलं होतं. तुम्हीही ठरवूनच जा, एकटे जाऊ नका.

दोन सापळे. एक, मोठ्या मनाचा काका जो म्हणतो, 'सगळं मी एकदम भरतो, तू मोकळा हो.' एकदम मोकळा झालेला जुगारी म्हणजे नवं क्रेडिट मिळालेला जुगारी. मदत घ्यायची तर ती थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात जाऊ दे, आणि वहीत काकाचं नाव चढू दे. दोन, 'तुमचे हरलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फक्त प्रोसेसिंग फी भरा' असं सांगणारे. बुडालेल्याला पुन्हा बुडवायचा तो धंदा आहे.

४. खातं गोठलंय? कर भरायचा राहिलाय?

बेटिंग साइटवरून काढलेले पैसे कुणाकुणाच्या भाड्याच्या खात्यांतून येतात. त्यातलं एखादं खातं सायबर गुन्ह्यात सापडलं की साखळीतलं तुमचं खातंही गोठतं, कधी दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलिस ठाणं आणि अडकवलेली रक्कम लेखी घ्या आणि तपास अधिकाऱ्याला स्टेटमेंटसह खरं काय ते कळवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, किंवा १५१००. स्वतःचं खातं कमिशनवर कुणाला वापरायला देऊन कर्ज फेडायची कल्पना कुणी सुचवली तर त्या माणसाशी बोलणंच बंद करा. यात तुरुंग आहे.

ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर असतो. आयकराच्या साइटवर वार्षिक माहिती पत्रक बघून रिटर्न भरा, नोटिशीची वाट बघू नका.

५. डॉक्टर, गोळ्या, बैठका

डिस्चार्ज म्हणजे उपचार संपले असं आपण धरतो, कारण बिल भरलेलं असतं. पुढच्या भेटींच्या तारखा तिथेच घेऊन या. माझ्यासोबत असलेल्यांपैकी काहींना ओढ कमी करणारं नॅल्ट्रेक्सोन चालू होतं, काहींना नैराश्याची गोळी, काहींना नुसतं समुपदेशन. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला लागू नाही. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायचा निर्णय डॉक्टरांचा.

वॉर्डात एक निवृत्त मास्तर होते. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस, आणि सासष्टाव्या वर्षी कल्याणच्या आकड्याच्या नादी लागला. डॉक्टरांनी त्यांच्या सगळ्या गोळ्या मागवून बघितल्या तेव्हा उलगडा झाला: कंपवातासाठी प्रामिपेक्सोल चालू होतं. त्या जातीच्या औषधांनी काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होते, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. म्हणून दुसऱ्या आजारांच्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवा.

दारू घेत असाल तर तीही बाजूला ठेवा. माझा प्रत्येक मोठा डाव दोन पेगनंतरचा आहे.

जुगार सोडणाऱ्यांचा 'गॅम्बलर्स ॲनॉनिमस' हा गट १९५७ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या धर्तीवर. ऑनलाइन बैठका घरबसल्या मिळतात. गावात तसा गट नसेल तर सेंटरच्या फॉलोअपच्या बैठकीला जा, दारूवाल्यांबरोबर बसायला लाजू नका. त्यांची बाटली आणि आपला फोन यांत बोलायला लागलं की फारसा फरक राहत नाही.

कर्जाच्या वहीची बेरीज झाली त्या रात्री मला जगणं नकोसं झालं होतं. हे बऱ्याच जणांना होतं, आणि नेमकं उपचारानंतर होतं, कारण आता डोकं साफ असतं. तसं वाटलं तर बेरीज बाजूला ठेवा, घरातल्या माणसाला उठवा आणि १४४१६ वर टेलि-मानसला फोन लावा. चोवीस तास चालू असतं, मोफत आहे, मराठीत बोलतात. घरच्यांनीही सरळ विचारावं, 'मरावंसं वाटतंय का?' विचारल्याने ते डोक्यात येत नाही. आलेलं असेल तर बाहेर पडतं.

६. कॅलेंडरवर लाल खुणा

ओढ रोज सारखी नसते. कॅलेंडर घ्या आणि धोक्याचे दिवस आधीच रंगवा. पगाराचा दिवस. आयपीएल, म्हणजे मार्चअखेरपासून दोन महिने रोजची संध्याकाळ. मंडळाच्या गणपतीसमोर रात्री जागवायला मांडलेले पत्ते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा तीन पत्ती, ज्याला कुणी जुगार म्हणतच नाही. पाडव्याला तर द्यूतप्रतिपदा असंच नाव आहे! मित्रांची गोव्याची ट्रिप, जी पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीपाशी संपते. या सगळ्याला 'फक्त बघायला' जाणं म्हणजे खेळणंच, मधे थोडा वेळ जातो इतकंच.

आयपीएलच्या दिवसांत मी दुसरी पाळी मागून घेतली. मॅच संपेपर्यंत मशीनवर. गणपतीत मंडळात आरतीला जातो आणि प्रसाद घेऊन निघतो. पहिल्या वर्षी दिवाळीला आम्ही सासुरवाडीला सिन्नरला गेलो, तिथे पत्ते खेळत नाहीत.

ओढ आलीच तर वीस मिनिटं काढायची. ती चढते, टिकते आणि उतरते, हे सेंटरमध्ये शिकवतात आणि ते खरं निघालं. मी चप्पल घालून, पैसे आणि फोन घरी ठेवून चालायला जातो. कुणाला पोहे करायला बरं वाटतं, कुणी भांडी घासतो. हात गुंतले पाहिजेत.

७. घरचे

विश्वास मागू नका, पावत्या द्या. भाजी आणली तर चिठ्ठी, पेट्रोलची चिठ्ठी, रिक्षाचे पैसे वहीत. रात्री दहा मिनिटं हिशेब, त्याहून जास्त नाही. आणि जुन्या गोष्टींवरचं भांडण त्या दहा मिनिटांत काढायचं नाही, असा आमचा करार आहे. तो पाळला जातोच असं नाही. माझी मुलगी आठवीत आहे, तिने एकदा विचारलं, 'बाबा, माझ्या क्लासचे पैसे तूच हरलास ना?' मी हो म्हणालो. त्याहून लांब उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

८. घसरलात तर

मी एकाहत्तराव्या दिवशी घसरलो. कँटीनमध्ये मित्र खेळत होता, मी त्याच्या फोनवर दोनशे लावले. जिंकलो. संध्याकाळपर्यंत त्याचे अठरा हजार माझ्या नावावर चढले होते. घरी सांगायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत 'रिकव्हरी'च्या नादात ते एकतीस हजार झाले. पहिल्या अठरा हजारांना घसरणं म्हणता येईल. पुढचे तेरा लपवण्याचे होते.

तेव्हापासून आमचा नियम असा. घसरलं तर त्याच दिवशी, झोपायच्या आत सांगायचं. नवी रक्कम वहीत चढवायची. ज्या फटीतून घसरलो ती बुजवायची. मी कँटीनमधल्या चार जणांना स्वतः जाऊन सांगितलं की मला फोन देऊ नका, उसने देऊ नका. दोघे हसले, एकाने खांद्यावर हात ठेवला, चौथ्याने त्याच्या भावासाठी सेंटरचा नंबर मागितला. मग त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट, ठरलेल्या तारखेची वाट न बघता.

सांगायचं कसं, यावरही आम्हाला भांडून एक पद्धत सापडली. आधी आकडा सांगायचा. 'माझं डोकं ठिकाणावर नव्हतं', 'मित्राने आग्रह केला', हे सगळं दुसऱ्या दिवशी. पहिलं वाक्य फक्त रकमेचं, आणि ती पूर्ण.